मध्यंतराचा हार

रामनवमीच्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता माझी जागा ठरलेली असते. औरंगपुऱ्यातल्या आमच्या राममंदिरात, पेटीवाल्याच्या डाव्या हाताला, खांबाला पाठ लावून. अकरा वर्षांत ती चुकली नाही. यंदा मात्र साडेआठला मी सिडकोतल्या आमच्या घरी, स्वयंपाकघरात, गुडघ्यांवर बसून जुन्या बनियननं फरशी पुसत होतो.

फ्रीज गळत होता. पाडव्याला नवरात्र बसलं आणि तृतीयेपासून हा गळायला लागला. आधी भाजीच्या डब्याखाली थोडं पाणी दिसायचं. मग दाराच्या फटीतून ओघळ यायला लागला. मग तो ओट्याखालून फिरून थेट देवघराच्या उंबऱ्याला टेकला. आमच्या नळाला पाणी येतं आठवड्यातून एकदा, तेही पाऊण तास. फ्रीजला मात्र रोज.

"तुमची भक्ती बघून त्याला घाम फुटलाय," असं अनसूया, म्हणजे माझी बायको, चतुर्थीला म्हणाली होती. तेव्हा ती हसत होती. षष्ठीला त्याच पाण्यावरून तिचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाला प्लास्टर बसलं. तेव्हापासून ती हसायची बंद झाली.

मी घरगुती उपाय सगळे केले. बटण कमी केलं, जास्त केलं. पुढच्या पायाखाली पुठ्ठा घातला, काढला. सप्तमीला शेजारच्या तात्यासाहेबांनी येऊन आत डोकं घातलं आणि सांगितलं, "वैजनाथराव, मागच्या भिंतीवरचा बर्फ विरघळला की पाणी या पन्हळीत येतं. पन्हळीला हे बघा भोक आहे, त्यातून ते नळीनं मागच्या ताटलीत जातं. भोक तुंबलंय." एवढं सांगून ते चहा पिऊन गेले. मग मी त्या भोकात काय घातलं ते नंतर सांगतो. सांगायची लाज वाटते.

मेकॅनिक मिळाला होता, नाही असं नाही. पुंजाराम त्याचं नाव. तो चतुर्थीला संध्याकाळी आला तर दाराला कुलूप, पंचमीला आला तर पुन्हा कुलूप. कारण संध्याकाळी सहा ते आठ आम्ही दोघं कीर्तनाला. त्यानं अष्टमीला फोनवर स्वच्छ सांगितलं, "काका, उद्या सकाळी येतो. उद्याबी कुलूप दिसलं तर मला परत फोन करू नका."

आणि उद्या म्हणजे रामनवमी. आठ दिवस संध्याकाळी होणारं कीर्तन त्या दिवशी सकाळी दहाला उभं राहतं आणि बाराच्या ठोक्याला जन्म.

आता या सगळ्यात माझा जीव कशात अडकला होता ते सांगायला हवं. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की बुवा घटकाभर थांबतात. त्या मध्यंतरात त्यांना बुक्का लावतात, गळ्यात हार घालतात, आणि मग उत्तररंगाचं आख्यान सुरू होतं. आमच्या मंदिरात बद्रीनाथबुवा अकरा वर्षं येतात, आणि अकरा वर्षं त्यांच्या गळ्यातला मध्यंतराचा हार माझा असतो. नोकरीतून मोकळा झालो त्या वर्षी मी गच्चीवर सतरा कुंड्या लावल्या. तुळस माझी, दोरा माझा, ओवणं माझं आणि घालणंही माझ्याच हातानं. दुसरं मला काही येत नाही. गळा नाही, ताल नाही, टाळसुद्धा चुकतो. नऊ दिवस, नऊ हार, एवढीच माझी सेवा. त्यातला नवमीचा हार तीनपदरी, नुसत्या मंजिऱ्यांचा. त्याला तीन तास लागतात, म्हणून तो मी अष्टमीलाच ओवून ठेवतो.

अनसूयेला जन्माचा पाळणा म्हणायचा होता. सव्वानऊला ती निघाली. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात पिशवी.

"हार द्या इकडं. मी नेते."

"मीच आणतो."

"आणि तो आलाच नाही तर?"

"येईल. निघालाय तो. आकाशवाणीच्या चौकात आहे म्हणाला."

"आठ वाजताही आकाशवाणीपाशीच होता. अहो, द्या तो हार. बुवांना हार पाहिजे का तुमचा हात पाहिजे?"

मी खिडकीतून रिक्षाला हाक मारली.

"फ्रीज नीट झाल्याशिवाय घराबाहेर पाय टाकायचा नाही," ती रिक्षात बसता बसता म्हणाली. "एक हात मोडलाय माझा. दुसरा मला लागतो."

पुंजाराम आला दहाला दहा कमी असताना. चाळिशीचा गडी, अजिंठ्याकडचा, खांद्याला हत्यारांची पिशवी. चपला दाराबाहेर काढून आत आला, तो पहिला ओल्या फरशीवरून घसरता घसरता वाचला.

"आयला, विहीर लागलीय की काका!"

"हसू नका. लवकर बघा. मला अकराच्या आत औरंगपुऱ्यात पोचायचंय."

"मला बी लई ठिकाणी पोचायचंय," तो म्हणाला आणि निवांतपणे खाली बसला. "दोनदा आलो मी. संध्याकाळच्याला कुठं राहता दोघंबी?"

"कीर्तनाला."

"रोज?"

"रोज."

"एकच माणूस रोज काय सांगतो?"

त्याला काय सांगणार! मी म्हटलं, "आधी फ्रीज."

त्यानं फ्रीज भिंतीपासून ओढला, आतलं सगळं मला बाहेर काढायला लावलं. दुधाचं पातेलं, लोणी, कोथिंबीर, ओल्या फडक्यात गुंडाळून मागच्या बाजूला टांगलेला हार. हार मी काढला आणि डब्यात ठेवला. पुंजारामनं मोबाइलचा उजेड आत मारला, भोकात बारीक तार घातली, फिरवली, आणि तार थांबली तसा तोही थांबला.

"यात कुणी काडी घातली?"

मी दुधाचं पातेलं उगाच सरकवलं.

"काका, आत लाकडाची काडी मोडलीय. हे बघा, टोक लागतंय. कुणी घातली?"

"घातली असेल कुणीतरी."

"घरात तुम्ही दोघंच ना? काकूचा तर हात मोडलाय, तुम्हीच फोनवर सांगितलं."

"उदबत्तीची आहे," मी म्हणालो. "सप्तमीला घातली. दुसरं काही सापडलं नाही."

पुंजारामनं वर बघितलं. "पेटवलेली नव्हती ना?"

"नाही हो!"

"मग बरंय." त्यानं तार काढली. "आता असं झालं, काडीच्या खाली कायतरी फुगून बसलंय. मऊ हाय. तारेनं नुसतं आत आत जातंय. याला पिचकारी पाहिजे, जनावराला औषध पाजायची असती तसली मोठी. गरम पाणी दाबानं मारलं की सगळं मागून बाहेर पडतंय."

"मग मारा की."

"पिचकारी दुकानात राहिली."

माझ्या तोंडून त्या पवित्र दिवशी जे निघालं ते इथं लिहीत नाही. रामरायानं ऐकलं असेल तर पोटात घातलं असेल.

"दुकान कुठंय?"

"औरंगपुऱ्यात. राममंदिराच्या मागल्या गल्लीत."

सव्वादहा वाजले होते. मी एकदम उठलो. "चला, मी येतो तुमच्या गाडीवर. मला मंदिरात सोडा, तुम्ही पिचकारी घ्या आणि—"

"आन् हे?" त्यानं फ्रीजकडं हात केला. फ्रीज मागं कलता करून दोन विटांवर ठेवला होता. वरच्या खणातला बर्फ सुटायला लागला होता आणि त्याचं पाणी खाली लावलेल्या भगुण्यात पडत होतं. "भगुणं भरलं की ओतायचं. नाय ओतलं तर पाणी मागं मोटारीत जाईल. मोटार भिजली की फ्रीज भंगारात."

"मग तुम्ही थांबा. मी रिक्षानं जाऊन पिचकारी आणतो."

"दुकानात कुठं काय ठिवलंय ते माझं मलाच घावत नाय. तुम्हाला काय घावणार?"

मी फ्रीजकडं बघितलं, भगुण्याकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. डब्यातल्या हाराकडं बघवेना. आठही दिवस सकाळी, उन्हाच्या आधी, मी एकेक पान बघून खुडलं होतं. तुळस संध्याकाळी खुडायची नसते, म्हणून खुडणं सकाळी आणि कीर्तन संध्याकाळी. चैत्रातल्या उन्हात दुपारपर्यंत पानं मान टाकतात. दरवर्षी मी हार ओल्या फडक्यात माठावर ठेवायचो, यंदा ऊन जास्त म्हणून फ्रीजमध्ये ठेवले. इतकं जपलं, ते शेवटच्या दिवशी डब्यात वाळवायला?

"पुंजाराम," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "हात धुवा."

"काहून?"

"धुवा तर. साबणानं."

तांब्यातलं पाणी मी त्याच्या हातावर घातलं, कोपरापर्यंत. काळं ग्रीस नखांतून निघेना. मी उदबत्तीच्या दुसऱ्या काडीनं त्याची नखं साफ केली. तो गुदगुल्या झाल्यासारखा हसत होता.

"हा डबा घ्या. यात हार आहे. मंदिरात चपला काढून जा. पुढं बायकांत हाताला प्लास्टर असलेली एकच बाई आहे, तिच्या हातात द्या. मध्यंतराच्या आत. आणि पिचकारी घेऊन सरळ परत या."

"डिकीत ठिवतो."

"डिकीत नको, तिथं ऑइलचे डबे आहेत तुमचे."

"मग पायापाशी हुकाला."

"पायापाशी? हार आहे तो!"

"मग डोस्क्यावर घिऊ का काका? पुढं बँड लावा म्हंजे झालं."

शेवटी शबनम पिशवीत डबा घालून ती त्याच्या गळ्यात अडकवली आणि तो गेला. जिन्यावरून त्याची पावलं उतरली, गाडी सुरू झाली. मी हात जोडून उभा होतो, कुणाला ते कळत नव्हतं.

अनसूयेला फोन लावला. तिनं उचलला, पण बोलली नाही. ती कधीच कीर्तनात बोलत नाही. फोन तसाच मांडीवर ठेवला असावा, कारण एकदम माझ्या स्वयंपाकघरात तबला वाजायला लागला. पंख्याची घरघर, कुठलं तरी पोर रडतंय, आणि त्या सगळ्यावर बद्रीनाथबुवांचा आवाज. मी फोन ओट्यावर, फोडणीच्या डब्याला टेकवून ठेवला, आवाज मोठा केला आणि भगुण्यापाशी पाटावर बसलो.

पूर्वरंग चालला होता. बुवा रंगले होते. माझी मान आपोआप डोलायला लागली की भगुणं भरायचं. मग उठा, ओता, परत लावा. एकदा निरूपण ऐन रंगात आलं आणि मी डोळे मिटले, तर पाणी काठावरून खाली. पुन्हा बनियन, पुन्हा गुडघे. एका हातानं फरशी पुसत पूर्वरंग ऐकणारा श्रोता बुवांनी उभ्या आयुष्यात पाहिला नसेल.

अकराला पाच कमी असताना तबला थांबला. मध्यंतर. मी पाट फोनजवळ ओढला.

"बुक्का लावा," असं कुणीतरी म्हणालं. मग बुवांचा आवाज, जरा लांबून. "आज वैजनाथराव दिसत नाहीत? आणि आमचा मंजिऱ्यांचा हार?"

शांतता. ती शांतता मला फोडणीच्या डब्यामागून स्पष्ट ऐकू आली.

"येतोय," ही अनसूया. "वाटेत आहे."

तिला काय माहीत तो वाटेत आहे की नाही ते! मी तर तिच्याशी एक शब्दही बोलू शकलो नव्हतो. माझ्यासाठी ती सरळ सभेत अंदाजानं बोलली.

"बारा वाजता जन्म आहे. थांबता येणार नाही," बुवा म्हणाले. "झेंडूचा असला तरी चालेल."

"झेंडूचा नको!" मी स्वयंपाकघरात ओरडलो. ऐकणारं तिथं दुधाचं पातेलं होतं.

तेवढ्यात फोनमधून गलका झाला. "अहो, कुठं चालला?" "चपला, चपला!" आणि मग तो ओळखीचा मोठा आवाज. "प्लास्टरवाली काकू कुठंय? मी फ्रीजवाला!"

सगळं मंदिर हसलं. मला तिकडं हसायला जाता येत नव्हतं, म्हणून मी इकडं एकटा हसलो, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं.

"मला एका हातानं जमायचं नाही," अनसूया म्हणत होती. "तूच घाल रे त्यांना."

"मी? मी नाय काकू. माझे हात..."

"धुतलेत ना?"

"धुतलेत. काकांनी धुतले."

"मग घाल."

मग बुवा म्हणाले, "या, पुढे या. असे. मी वाकतो." आणि टाळ्या.

मी भगुणं ओतलं. परत लावलं. अकरा वर्षं बुवा माझ्यासमोर वाकायचे तेव्हा त्यांच्या पागोट्याची जरीची कड माझ्या हनुवटीला लागायची. आज ती त्या पुंजारामच्या हनुवटीला लागली असणार. चांगलंच झालं. हार पोचला. वेळेत पोचला. मग मला एवढा राग का येत होता? भगुण्याचा येत होता, विटांचा येत होता, उदबत्तीचा येत होता.

उत्तररंग सुरू झाला. बुवांनी दशरथाच्या यज्ञाचं आख्यान लावलं, पायसाचे पिंड राण्यांच्या हाती दिले. मी घड्याळ बघत होतो. दुकान मागच्या गल्लीत. पिचकारी शोधायला दहा मिनिटं. यायला वीस. म्हणजे साडेअकरा.

साडेअकरा वाजले. पावणेबारा वाजले. भिंतीवरच्या जुन्या लँडलाइनवरून पुंजारामला फोन लावला तर तो वाजायला लागला, आणि वाजला कुठं? फोडणीच्या डब्यापाशी! अनसूयेच्या मांडीवरच्या फोनमधून त्याची रिंग माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होती. कुणीतरी "शूऽऽ" केलं. रिंग बंद झाली.

तो तिथंच बसला होता. पिचकारी नाही, गाडी नाही, माझा फ्रीज नाही. मांडी घालून आख्यान ऐकत बसला होता! कुणास ठाऊक, माझ्या खांबाला पाठ लावूनही बसला असेल!

बारा वाजले. जन्म झाला. शंख, घंटा, फुलांचा सडा, आणि मग अनसूयेचा पाळणा, जरा कापरा पण सुरात. मी उघड्या फ्रीजसमोर उभा राहिलो, ओले हात धोतराला पुसून जोडले. भगुण्यात टप् टप् चाललंच होतं. पाळण्याच्या लयीत नव्हतं, हे मला अगदी खटकत होतं.

पाऊण वाजता दोघं आली. अनसूया त्याच्या गाडीवर मागं बसून, एक हात गळ्यात आणि एक हात पुंजारामच्या खांद्यावर. त्याच्या कपाळाला बुक्का, केसांत फुलांच्या पाकळ्या, एका हातात पिचकारी, दुसऱ्या हातात सुंठवड्याची पुडी.

"पुंजाराम, मी तुम्हाला सरळ परत या म्हणालो होतो."

"व्हय काका, येतच होतो," तो म्हणाला. "उठलो बी होतो. पर ती घार!"

"कुठली घार?"

"आवो, तिनं कैकेयीच्या हातातला पिंड पळवला ना! आता तो पिंड घिऊन ती कुठं जाती ते कळल्याबिगर मी कसा उठणार? आन् मग ती अंजनीच्या वंजळीत टाकती, आन् मग मारुती! तुम्हाला ठाव हाय का हे?"

साठ वर्षं मी ते आख्यान ऐकतोय. तो असं सांगत होता की आजच सकाळी औरंगपुऱ्यात घडलंय.

"ठाव आहे," मी म्हणालो. "पिचकारी मारा."

गरम पाणी तयारच होतं. त्यानं पिचकारी भरली, टोक भोकात बसवलं आणि जोर लावला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा फ्रीजच्या मागं नळीतून भसकन आवाज झाला आणि मागच्या ताटलीत एक गोळा येऊन पडला. मागोमाग उदबत्तीची काडी. स्वयंपाकघरात उदबत्तीच्या मोगऱ्याचा मंद वास सुटला.

पुंजारामनं गोळा बोटावर घेतला. बुळबुळीत, पांढुरका, आणि आत काळे काळे ठिपके. पाण्यात भिजवलेला सब्जा दिसतो, अगदी तसा.

"ह्ये काय म्हणायचं? असलं मी कुठल्याच फ्रीजमधी नाय बघितलं."

अनसूया वाकली. तिनं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी ताटलीकडं बघत राहिलो. मला वास घ्यायची गरज नव्हती. मंजिऱ्या वाळल्या की बी गळतं, आणि तुळशीचं बी पाण्यात फुगतं, हे सतरा कुंड्यांच्या मालकाला कुणी सांगायचं? रोज सकाळी मी तिथं, त्या पन्हळीवरच, हार टांगत होतो.

"म्हणजे माझा हात तुमच्या हारानं मोडला," अनसूया म्हणाली.

"अनसूये..."

"नाही, बरं झालं कळलं. मी फ्रीजला शिव्या देत होते."

मला वाटलं आता ऐकावं लागणार, संध्याकाळपर्यंत. पण ती पाटावर बसली आणि खांदे हलवत हसायला लागली, षष्ठीनंतर पहिल्यांदा. प्लास्टरचा हात पोटाशी धरून हसत होती, कारण हसताना तो दुखत होता. पुंजाराम सुंठवडा खात आमच्याकडं आळीपाळीनं बघत होता.

मी ती ताटली उचलली. ते कचऱ्यात टाकायला हात धजेना. गच्चीवर जाऊन एका कुंडीत ओतलं, काडी काढून ठेवली. येईल तर येईल.

खाली आलो तर फ्रीज जागेवर लागला होता, कोरडा, गुरगुरत. फरशी पुसलेली. पुंजाराम हत्यारं भरत होता आणि अनसूयेला विचारत होता, "काकू, हे बुवा परत कधी येणार?"

"पुढच्या पाडव्याला."

"आत्ता! वरीसभर?"

अनसूयेनं पिशवीतून तो डबा काढला आणि माझ्यापुढं धरला. "बुवांनी तुमच्यासाठी दिलाय. म्हणाले, ज्याच्या हातचा आहे त्याला प्रसाद."

उघडून बघितलं. माझाच हार, तीनपदरी, मंजिऱ्यांचा. बुवांच्या गळ्यातला, बुक्का लागलेला, जरा चुरगळलेला. मी तो दोन्ही हातांत घेतला. उन्हाचा कडाका होता, मंजिऱ्या मान टाकायला लागल्या होत्या. मी ओलं फडकं घेतलं, हार त्यात हळूच गुंडाळला, वळलो आणि फ्रीजचं दार उघडलं.

"काका!"

"अहो!"

दोघं एकदमच ओरडली.